नकाशा जान्हवीच्या हातात

प्रीतम कार रॅली पहिल्यांदाच बघायला आला होता, तोही बहिणीने हट्ट धरला म्हणून. जान्हवीला जन्मापासून दिसत नाही. ब्रेलमधला नकाशा बोटांनी वाचत ती रस्ता सांगणार आणि एक अनोळखी माणूस ती म्हणेल तिथे गाडी वळवणार, हे काही त्याच्या पचनी पडत नव्हतं.

मुलुंडच्या मैदानात तिची गाडी येऊन थांबली. गाडी चालवणारे काका उतरताच म्हणाले, "तुमच्या बहिणीने एक वळण चुकवलं नाही. चुकलो मीच. तर लगेच म्हणाली, काका, मागे घ्या, आपण पुढे आलो."

प्रीतम कसनुसं हसला. त्यांचा बसस्टॉप घरापासून दोन मिनिटांवर होता. पण तिने एकटीने बाहेर पडू नये, म्हणून गेली सहा वर्षं तो तिला बागेला दोन फेऱ्या मारून घरी आणायचा. वर म्हणायचा, "लांब आहे गं, तुला एकटीला नाही जमायचं."

आज खरं सांगून टाकायचं, असं ठरवून त्याने तिचा हात धरला.

"बसने जाऊ या ना?"

"चालेल," ती म्हणाली. "उतरल्यावर आज तरी सरळ घरी जायचं, दादा, की बागेच्या दोन फेऱ्या आहेतच?"