सरांच्या गणपतीचे डोळे

दिनानाथ सरांनी फॉर्म वाचलासुद्धा नाही. वरच्या कोपऱ्यात ‘नववी अ’ दिसलं आणि फॉर्म टेबलावरून सरकत परत सगुणाकडे आला.

“अ तुकडीतल्या मुलांनी चित्रकलेच्या परीक्षांना बसायचं नाही. शाळेचा नियम आहे.”

“पण सर, एलिमेंटरीला मला ए ग्रेड आहे. आता इंटरमिजिएट दिली की…”

“तुला मेरिटला आणायचंय मला. अकरावीला सायन्स घे. डोलवीला एवढी मोठी कंपनी उभी राहिली, उद्या तिथल्या लॅबमध्ये बसशील. या जोहे गावची पोरं सगळी गणपतीच्या मातीतच हात घालून बसतात. तुला त्यातून बाहेर काढायचंय. जा, बीजगणित कर.”

सर वाईट नव्हते, हाच तर खरा वैताग होता. वाईट असते तर त्यांच्यावर मनसोक्त चिडता तरी आलं असतं.

सगुणाला दहावीनंतर मुंबईला आर्ट कॉलेजात जायचं होतं आणि तिथे इंटरमिजिएट मागतात. गेल्या वर्षी ती ब तुकडीत होती. तेव्हा एलिमेंटरीचा फॉर्म याच सरांनी सही करून पाठवला होता, एका मिनिटात. मग आठवीला ती ब मध्ये पहिली आली आणि जूनमध्ये तिला अ मध्ये नेऊन बसवलं. बापाने, काळुरामने, गणपतीच्या कारखान्यात पेढे वाटले. चार तर तिनेच खाल्ले. पेढ्याच्या बदल्यात ब्रश द्यावा लागतो, हे कोणी आधी सांगितलंच नाही!

ती पुन्हा गेली. या वेळी चित्रांची वही घेऊन गेली. सर पेपर तपासत होते. मान वर न करता “छान, छान” म्हणाले. तिने चुकून वही उलटी धरली होती, तरी छानच.

तिसऱ्यांदा ती घरीच भांडली. “बाबा, तुम्ही या ना शाळेत. सरांना सांगा, डोळे कोण आखतं ते.”

“गप गो. ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाय.”

काळुरामचे गणपती डोळ्यांसाठी प्रसिद्ध होते. सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळे आखायचे, ते कारखान्याच्या मालकानेच, श्वास रोखून. पण दोन वर्षांपासून काळुरामचा हात कापत होता. आतल्या खोलीत दार लोटून डोळे सगुणा आखायची. गिऱ्हाइकं बाहेर म्हणायची, वा काळुराम, हात आहे की काय आहे!

त्यात सरही होते. सरांचं घर रोह्याला. नागपंचमीला त्यांचा पाट जोह्याला यायचा, खाली ऑइलपेंटने नाव लिहिलेला. त्यावरच त्यांची मूर्ती बसायची. वर्गातही सर सांगायचे, “आमच्या घरात कुठेही उभं राहा, देव आपल्याकडेच बघतो.” तेव्हा सगुणा बाकाखाली स्वतःची बोटं मोडत बसायची.

यंदाही पाट आला. सगुणाने मूर्ती रंगवायला घेतली. पितांबर झालं, सोंडेवरची नक्षी झाली, नखं झाली. मग तिने मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. गर्दीत काळुरामला वाटलं, झाली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी सर मूर्ती न्यायला आले. बाहेर रोह्याला जाणारी जीप उभी होती. सरांच्या खांद्याच्या पिशवीतून ब आणि क तुकडीच्या फॉर्मांचा गठ्ठा डोकावत होता. परीक्षेचं केंद्र रोह्याला होतं. फॉर्म आज संध्याकाळपर्यंत पोचवायचे होते.

“या सर, बसा. तुमचा देव तयार हाय,” म्हणत काळुरामने मूर्ती फिरवली.

डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग होता.

“हे काय गो, सगुणे?”

काळुरामने हसून वेळ मारून नेली, बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि मूर्तीसमोर बसला. ब्रशचं टोक डोळ्याजवळ गेलं आणि थरथरायला लागलं. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तरी थरथरतच राहिलं. शेवटी त्याने ब्रश खाली ठेवला.

“सर, आता खोटं नाय बोलत. हात ऱ्हायला नाय माझा. दोन वर्सं डोळे ही पोरगी आखते. सगुणे, घे. पंधरा मिन्टांचं काम हाय.”

“नाय.”

“नाय म्हंजे? उद्या चतुर्थी हाय! सरांनी काय आंधळा देव न्यायचा? पोरी, अब्रू घालवतेस काय माझी?”

बाहेर जीपवाल्याने हॉर्न वाजवला. सर मूर्तीकडे बघत होते. मग त्यांनी सगुणाच्या हातांकडे बघितलं. तीन महिने ती त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होती, पण तिचे हात त्यांनी आज पहिल्यांदा बघितले. नखांत पिवळा रंग होता.

“गेल्या वर्षीचे डोळे तू आखलेस?”

“त्याच्या आदल्या वर्षीचे पण.”

“मग यंदाच काय झालं तुला?”

सगुणाने कंपासपेटी उघडली. चार घड्या घातलेला फॉर्म काढला, उलगडला आणि सरांच्या पाटावर, मूर्तीच्या पायाशी ठेवला.

“तेव्हा मी ब तुकडीत होते, सर.”