पाण्यातलं नारिंगी

नावाडी बेपत्ता होऊन तीन दिवस झाले, तेव्हा त्याची बायको चित्रकाराच्या खोलीवर आली. तो पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचा. सगळे अजून त्याला मास्तरच म्हणत.

"मास्तर, तुम्ही रोज काठावर बसता. सोमवारी सकाळी होतात ना?"

"होतो, वहिनी."

"काही दिसलं का? रिकामी होडी पुलाखाली सापडली, म्हणून तिथंच शोधताहेत. हाती काही लागत नाही."

त्याने नकारार्थी मान हलवली. नदीचं चित्र भिंतीला टेकून उभं होतं. दोन महिने तो हे एकच चित्र काढत होता. ती जवळ गेली. नुसते ठिपके. निळे, हिरवे, जांभळे, मोहरीएवढे.

"यात नदी कुठंय?"

"दारापाशी जाऊन बघा."

ती दारापाशी जाऊन वळली. ठिपके एकमेकांत मिसळून गेले. सकाळच्या उन्हात पाणी लखलखत होतं. पलीकडचा काठ, त्यावरचं वाकलेलं झाड. झाडाखाली पाण्यात नारिंगी काहीतरी.

"ते काय?"

"तरंगत होतं काहीतरी. वाटलं, डबाबिबा असेल. निळ्याशेजारी नारिंगी आलं की पाणी उजळतं, म्हणून..."

ती परत जवळ आली. नाक लावून पाहू लागली. नारिंगी कुठेच नव्हतं. चार ठिपके लाल होते, तीन पिवळे.

"शर्ट लालच होता त्यांचा," ती म्हणाली. "मग हे पिवळं कसलं?"

"ऊन पडलं होतं त्यावर."

"हलत होतं?"

"हलत होतं. सातवा ठिपका दिला आणि वर पाहिलं. तेव्हा नव्हतं."

ती रडली नाही. चित्र उचलून सरळ जिना उतरू लागली. तो अनवाणीच मागे धावला.

काठावर रोजच्या जागी उभं राहून त्याने झाडाकडे बोट दाखवलं, आणि तिने शोधणाऱ्यांना हाका मारून जागा सांगितली. शोधणाऱ्यांची होडी पुलाखालून निघून झाडापाशी आली. तिसऱ्यांदा टाकलेला गळ अडकला. मुळांत गुंतलेला नावाडी वर आला.

दुपारी शोधपथकाचा प्रमुख वही घेऊन तिच्यापाशी आला. "जागा अगदी बरोबर सांगितलीत, ताई. बुडताना कुणी पाहिलं होतं का?"

शेजारी उभ्या चित्रकाराने तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "कुणीच पाहिलं नाही."