नवा पत्ता

"कारकून अजून संपावरच आहे," पलंगाखालून मासळीची वाटी जशीच्या तशी बाहेर घेत बाबा म्हणाले.

कारकून म्हणजे बोका. काळा, गळ्याशी पांढरी कॉलर, आणि कुणाच्याही कागदांवर जाऊन बसायची सवय. नाव मुलीनं ठेवलं होतं. नव्या घरात टोपलीचं झाकण उघडल्यावर तो जो पलंगाखाली शिरला, तो भिंतीला पाठ लावून बसला होता. आल्यापासून त्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

प्राण्यांच्या डॉक्टर फोनवर स्पष्ट बोलल्या. उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं. आज खाल्लं नाही तर उद्या घेऊन या, नळी घालू; पण त्याचं वय बघता खात्री देत नाही. "त्याला ओळखीचा वास द्या. न धुतलेला एखादा कपडा. त्याच्या माणसाचा."

आईनं फोन ठेवला. घर बदलायच्या आधी तिनं एकूण एक वस्तू धुतली होती. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, बोक्याची गादीसुद्धा. जुनं काही बरोबर न्यायचं नाही, असं तिनंच ठरवलं होतं.

फक्त एक स्वेटर राहिला होता. मुलगी वारली त्या दिवशी तो खुर्चीच्या पाठीवर होता. आता प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला चिकटपट्टी लावून, कपाटाच्या वरच्या खणात.

"ती पिशवी उघडायची नाही," आई म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"कपाटाकडे बघताय."

"नवीन कपाट आहे. बघायचंही नाही?"

आई खुर्चीवर बसली. म्हणाली, "वास म्हणजे कण असतात, अहो. उघडलं की उडतात. पुन्हा भरून ठेवता येत नाहीत."

"बोकाही पुन्हा आणता येणार नाही," बाबा म्हणाले. "तिचा आहे तो."

चिकटपट्टी निघताना करकरली. आईनं आधी स्वतः स्वेटरमध्ये तोंड खुपसलं. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. प्लास्टिकचा वास येत होता. तेवढाच.

"आहे का अजून?" बाबांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी हात पुढे केला. तिनं स्वेटर त्यांना दिला नाही. जमिनीवर पालथी होऊन तो पलंगाखाली सरकवला.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग बोक्याच्या नाकपुड्या हलल्या. तो पुढे आला, बाहीत डोकं घातलं आणि पुढचे पाय आळीपाळीनं लोकरीत रुतवू लागला. त्याची घुरघुर सुरू झाली. आई फरशीला गाल लावून ऐकत राहिली. त्याला वास येत होता.

संध्याकाळी त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. मग भिंती न हुंगता, कोपरे न तपासता, सरळ चालत जाऊन तो बाहेरच्या दारासमोर बसला. जुन्या घरात मुलीचं ऑफिस सुटायच्या वेळी बसायचा तसा.

जिन्यात पावलं वाजली. बोका उठून उभा राहिला, शेपूट ताठ वर. पावलं दारावरून पुढे वरच्या मजल्यावर गेली. तो पुन्हा बसला, तोंड दाराकडेच.

बाबा त्याच्या शेजारी उकिडवे बसले. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तिला हा पत्ता माहीत नाही रे."

आई आत गेली. पलंगाखालून स्वेटर ओढून काढला, झटकला नाही. बोक्याला पायानं हलकेच मागे सारत तिनं दार उघडलं आणि स्वेटर बाहेरच्या कडीला अडकवला, दोन्ही बाह्या मोकळ्या सोडून.

बाबा तिच्या मागोमाग बाहेर आले. जिन्यात अजून चांगला उजेड होता. तरी त्यांनी दिवा लावला.