सप्त्याचा गहू

"दगडू, हात कशानं काळे झाले रे?"

"उंदरांचं औषध कालवलं, आई. हा सप्त्याच्या पंगतीचा गहू. कीर्तनात बुवांपुढं उभी राहून तूच शब्द दिलास. देवाच्या ताटातलं उंदरांना खाऊ देऊ व्हय? पहाटेच बिळाबिळाशी ठेवून आलो."

गयाक्कानं झटक्यात बांधाकडं पाहिलं. बांधावरच्या बाभळीत कापशी घारीचं घरटं होतं. तिच्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्या शिकारी जोडीनं काडी काडी आणून ते रचलं होतं. "आमची माहेरवाशीण बाळंतीण झाली गं!" असं ती भजनाच्या बायांना कौतुकानं सांगायची. आणि कापशीची सगळी चूल उंदरांवर!

ती अनवाणीच धावली. बांधाजवळ एक उंदीर झिंगत चालला होता. तिनं वाकून हात घालायच्या आत नर झेपावला आणि उंदीर उचलून थेट घरट्यावर गेला. मादीनं तो चोचीत घेतला.

"नको गं बाई, टाक तो! टाक!"

गयाक्कानं ढेकूळ भिरकावलं. ते फांदीवर फुटलं. कापशी हलली नाही. रोज झाडाखाली बसून अभंग गुणगुणणाऱ्या या बाईचं तिला भय उरलं नव्हतं.

गयाक्कानं रडत रडत दुसरं ढेकूळ मारलं. ते घरट्याला लागलं. तशी कापशीनं पंख पसरून पिल्लांवर आडोसा धरला, आणि त्या आडोशातच उंदीर फाडून एकेकाला घास भरवू लागली.