गुरुपुष्य

"आज अमावस्या आहे, मामंजी. चांगला दिवस बघून या," मी माहेरच्या दारातूनच सासऱ्यांना सांगितलं. त्यांच्या हातात नातीसाठी आणलेले चांदीचे वाळे होते. मागच्या खेपेला मी शनिवारचं कारण पुढे केलं होतं.

बाळंतपणाआधी डॉक्टरबाईंनी त्यांना बजावलं होतं, "दिवस भरत आले म्हणजे बाळाची फुफ्फुसं तयार झाली असं नसतं. दोन आठवडे थांबा, कळा आपोआप येऊ द्या. उगाच आधी सिझेरियन केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो." ते हसले होते. गुरुपुष्य कुणासाठी थांबतं का! नवऱ्याने नेहमीसारखी मान डोलावली आणि ठरल्या मिनिटाला माझ्या लेकीला बाहेर काढायला लावलं.

ती रडली नाही, नुसती कण्हली. काचेच्या पेटीत तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. टाक्यांवर हात दाबून मी तिच्याकडे बघत उभी होते, तेव्हा मामंजी मागून आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. "काय योग साधलाय, सूनबाई! तोंड गोड करा."

तो पेढा अजून माझ्या घशात आहे.

लेक आता ठणठणीत आहे. आत पाळण्यात ती हसली, तसे सासरे उंबऱ्यापर्यंत आले. "मुहूर्त राहू दे गं. एकदा तोंड तरी बघू दे तिचं."

"दोन आठवडे थांबा, मामंजी," मी म्हणाले. "तेवढ्याने काय बिघडतं?"

आणि आतून कडी घातली.