शेवटची ओळ

यादीतली शेवटची ओळ चौकटीबाहेर लोंबत होती. वर्तकांनी ती उडवली. मल्याळम त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण न कळणाऱ्या सहा भाषांत त्यांनी वेबसाइट सजवल्या होत्या. अर्थ आड आला नाही की पान देखणं होतं, असं त्यांचं मत होतं.

चौथ्या दिवशी केरळहून मच्छीमार संघटनेच्या चिटणीसबाईंचा हिंदीत फोन आला. "वर्तकसाहेब, ती वादळात बुडालेल्यांची यादी आहे. एक नाव गळलंय."

"सॉरी, आत्ता टाकतो."

"टाका. पण नाव नाही म्हणजे पोरगा परत येणार, असं धरून त्याची आई रोज त्याचा भात काढून ठेवतेय."

वर्तकांनी ओळ परत आणली. पान प्रसिद्ध करायचं बटण दाबायला बोट धजेना.

"बाई," त्यांनी विचारलं, "हे नाव वाचायचं कसं?"