उजवीकडच्या सहाजणी

अंगावर पाणी मारलेली म्हैस कशी दिसते, हे हरियाणातल्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. मीनू सांगवान गोठ्याच्या दारात थबकली. डावीकडच्या सहाही म्हशी चकाकत होत्या. गोठ्यावरचा म्हातारा गडी रिसाल, सगळ्यांचा ताऊ, शेवटच्या म्हशीची पाठ पोत्यानं घाईघाईनं पुसत होता.

ती रोज दोनला यायची. आज विद्यापीठातल्या विभागाची वीज गेली म्हणून एक वाजताच आली होती.

"ताऊ, हे काय?"

म्हाताऱ्यानं बादली पायानंच मागं सरकवली. "आज लवकर गं?"

"हे काय, ते विचारतेय मी."

"पाणी आहे. दुसरं काय असणार बादलीत?"

मीनूच्या पीएच.डी.चा सगळा डोलारा या बारा म्हशींवर उभा होता. डावीकडच्या सहाजणींना चाऱ्यातून एक पावडर द्यायची, उजवीकडच्या सहाजणींना नाही. बाकी चारा, सावली, प्यायचं पाणी सगळं सारखं. अंगावर पाण्याचा थेंब मात्र कुणाच्याच पडू द्यायचा नाही. मग भर उन्हात एकेकीच्या अंगातला ताप बघायचा, मिनिटाचे श्वास मोजायचे आणि पावडरनं ऊन सोसतं का ते ठरवायचं. पहिला उन्हाळा लाळ्या-खुरकुताच्या साथीत गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात पावडर आली ती पावसाबरोबर. हा तिसरा. सप्टेंबरात प्रबंध दिला नाही तर विद्यापीठ नाव कमी करणार होतं, तसं पत्रच घरी आलं होतं.

आणि आज सकाळीच तिचे मार्गदर्शक दहिया सर यांचा फोन आला होता. "मीनू, तुझी पावडर म्हणजे सोनं निघालं बघ!"

सोनं कसलं, टाकीचं पाणी होतं ते!

"कधीपासून चाललंय?" तिनं विचारलं.

"सातव्या दिवसापासून."

आज एक्केचाळिसावा होता. मीनू उपड्या घमेल्यावर मटकन बसली. तिला रागही धड येईना, इतकी ती थकली होती.

"पहिल्या दिवशीच बजावलं होतं ना तुम्हाला? पाणी मारायचं नाही म्हणून?"

"बजावलं होतंस. पण आकडा चढला की इथंच डोकं धरून बसायचीस. सहा दिवस बघितलं. सातव्या दिवशी नाही बघवलं." ताऊनं पोतं पिळलं. "पहिल्यांदा आकडा उतरला तेव्हा कशी हसली होतीस, आठवतंय? त्या दिवशी मला ताकाचा गडवा आणून दिला होतास तू."

"म्हणून या सहाजणींनाच?"

"मग? पावडर यांना, तर आकडा यांचाच उतरायला नको? चौतीस वर्षं शेण काढतोय इथं, एवढं कळत नाही होय मला?"

"ताऊ, ही माझी परीक्षा होती हो!"

"परीक्षा आहे म्हणूनच तर! माझ्या पोराला दहावीला मी पाइपावरनं चढून खिडकीतनं चिठ्ठी पोचवली होती. गुडघा फुटला, पण पोरगं पास झालं. तुझं इथं कोण आहे? म्हटलं, आपण आहोत."

हसावं की रडावं, मीनूला कळेना. या माणसावर ओरडायचं तरी कसं? भर उन्हात चौतीस-पस्तीस दिवस त्यानं बादल्या वाहिल्या होत्या, त्याही चोरून.

ताऊ जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला कळणार आहे? मी मेलो तरी तोंड उघडणार नाही. तू लिही तुझं, हो डॉक्टर."

खरंच कुणाला कळलं नसतं. सरांना नाही, परीक्षकांना तर नाहीच. नावामागं डॉक्टर लागलं असतं, तीन वर्षांचं चीज झालं असतं. आणि पुढच्या वर्षी गावोगावचे लोक म्हशींना पावडर चारून उन्हात बांधून बसले असते. त्यात तिचे बापूही असते. लेकीची पावडर म्हणून सगळ्यात आधी त्यांनीच गोणी आणली असती.

उजवीकडून फुसफुस ऐकू येत होती. तिकडच्या सहाजणी माना लांब करून, तोंडाला फेस आणून, बादलीकडं टक लावून उभ्या होत्या.

"तिकडं बघू नकोस," ताऊ म्हणाला. "मीसुद्धा त्यांच्याकडं पाठ करूनच पाणी मारायचो. तुझ्यासाठी मन दगडाचं केलं, बेटा."

मीनूनं पिशवीतून वही काढली. आजच्या पानावर तिनं लिहिलं, 'सातव्या दिवसापासून डाव्या सहा म्हशींच्या अंगावर रोज पाणी मारलं गेलं.' खाली सही केली, तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचं तिलाच नवल वाटलं.

ती उठली. बादलीत निम्मं पाणी उरलं होतं. ती उचलून मधली वाट ओलांडून ती पलीकडं गेली आणि नऊ नंबरच्या म्हशीच्या पाठीवर रिती केली. म्हशीनं डोळे मिटले. एवढा लांब श्वास सोडला की दावणीतला भुसा उडाला. सवयीनं मीनूची नजर तिच्या कुशीवर गेली. मोजता मोजता ती थांबली.

"अगं पोरी, हे काय करतेस?" ताऊ मागोमाग धावत आला. "आणि तुझ्या डिग्रीचं काय?"

तिनं रिकामी बादली त्याच्या हातात दिली.

"भरून आणा, ताऊ. अजून पाचजणी राहिल्यात."